कोरा मोबाईल

मिरजेत आता माणूस आजारी पडायच्या आधी त्याचा मोबाईल आजारी पडतो.

आधी मोबाईलवर साड्या, मिक्सर, गोव्याची हॉटेलं असलं काहीबाही दिसत असतं. मग एक दिवस मधूनच गुडघ्याची जाहिरात डोकावते. माणूस म्हणतो, चुकून आली असंल. दुसऱ्या दिवशी दोन येतात. आठवडाभरात तोच माणूस जिना चढताना कठडा धरायला लागतो आणि बायकोला म्हणतो, "अगं, खरंच दुखतंय की!"

हा आमचा धंदा. मी सुकुमार चौगुले, नाडी मीडियाचा मालक. गावातल्या हॉस्पिटलांना मोबाईलवरनं पेशंट गोळा करून देतो. पूर्वी हे काम रिक्षावाले करायचे. बाहेरगावचा पेशंट स्टँडवर उतरला की त्याची पिशवी धरायची आणि थेट आपल्या डॉक्टरच्या दारात नेऊन सोडायचं. मीही पिशवीच धरतो. फरक एवढाच, की पेशंट घरात मजेत भजी खात बसलेला असतो आणि आपण पेशंट आहोत हे त्याला ठाऊकच नसतं.

ते ठाऊक असतं 'चाहूल'ला. चाहूल म्हणजे प्रत्येक मोबाईलच्या पोटात बसलेलं मशीन. त्यात जादू काही नाही. मोबाईल तुमचं तोंड बघून कुलूप उघडतो का नाही? मग ते तोंड काल केवढं होतं आणि आज केवढं आहे, हेही त्याला दिसतं. तुम्ही बोलता तेव्हा दोन शब्दांच्या मधे किती दम खाता, हे तो ऐकतो. अक्षरं दाबताना बोट कुठं अडखळतं, चालताना कुठला पाय घसटतो, रात्री मोबाईलची बॅटरी लावून मोरीकडं किती वेळा जाता, सगळं त्याच्याकडं जमा होतं. असल्या लाखो माणसांचं पुढं काय झालं हे त्याला शिकवलेलं आहे. त्यामुळं तुमचं काय होणार, हे तो डॉक्टरच्या कितीतरी आधी ताडतो.

पण सरकारनं कायदा करून ठेवलाय. रोगाचं नाव सांगायचा अधिकार फक्त डॉक्टरला, मशीननं पेशंटला अवाक्षर सांगायचं नाही. जाहिरात दाखवायला मात्र आडकाठी नाही. म्हणून चाहूल तोंड मिटून बसते आणि तुमच्यावर हॉस्पिटलांची बोली लावते. जो जास्त देईल त्याची जाहिरात तुमच्या डोळ्यांपुढं.

आता हातात असलं खेळणं आल्यावर मी काय गप बसतोय? एकदा एक नगरसेवक उद्यानाच्या उद्घाटनाला आपला मोबाईल मोठ्या पडद्याला जोडून भाषण करत होता. विकासाचे फोटो दाखवत होता. मी मागच्या खुर्चीत बसून चार बटणं दाबली. पडद्यावर फोटोच्या जागी हे भलंमोठं अक्षर आलं, 'बसताना त्रास होतो? लाजू नका.' साहेब उरलेला सगळा कार्यक्रम उभे राहिले. लोक म्हणाले, केवढा साधा माणूस, खुर्चीसुद्धा घेत नाही.

तर लोकही काही खुळे नाहीत. जाहिरात बघून रोग ओळखायला सगळे शिकले. आणि एकदा शिकल्यावर त्याचा पहिला वापर कुठं केला? सोयरिकीत. आता मुलगी बघायला आले की पोहे होतात, चहा होतो, आणि मग कुणीतरी वडीलधारा खाकरून म्हणतो, "बोट फिरवू या का?" की दोन्हीकडचे मोबाईल अदलाबदल. मुलाचा, मुलीचा आणि दोघांच्या आईबापांचाही, कारण रोग रक्तातनं उतरतो. ती मंडळी यांच्या मोबाईलवर बोट फिरवून जाहिराती बघतात, ही मंडळी त्यांच्या. साडी आली की माना डोलतात. हृदयाची जाहिरात आली की पाहुण्यांना एकाएकी बसची वेळ आठवते.

आणि एखाद्याच्या मोबाईलवर हॉस्पिटलची एकही जाहिरात नसंल, तर त्याला म्हणायचं कोरा मोबाईल. कोरा मोबाईल म्हणजे घराण्याची शान. तसल्या घरची मुलगी हातोहात जाते.

माझ्या दाजींचा मोबाईल कोरा होता.

दाजी म्हणजे भूपाल मगदूम, माझ्या पद्माक्काचे मालक. शिंपीकाम करतात. मिरजेतल्या निम्म्या डॉक्टरांचे ॲप्रन आणि ऑपरेशनचे हिरवे झगे त्यांच्या हातचे. पुढं हॉस्पिटलांनी एकदा वापरून फेकायचे कागदी झगे आणले आणि दाजींचं दुकान शाळेच्या गणवेशावर आलं. त्यांची एकुलती मुलगी सन्मती, आमची सनू, इंजिनियर झाली, सांगलीत नोकरीला लागली आणि तिला इचलकरंजीच्या आवट्यांचं स्थळ आलं. मोठे यंत्रमागवाले. मुलगा सोन्यासारखा, सनूलाही पसंत. फक्त बोट फिरवायचं राहिलं होतं.

त्या आठवड्यात मी दुकानात गेलो, तर दाजींनी मशीनवरचा पाय काढून मोबाईलच माझ्या नाकापुढं धरला.

"बघा मेव्हणं! फिरवा बोट! तुमच्या त्या नवजोम हॉस्पिटलला माझ्याकडं ढुंकूनसुद्धा बघू वाटत नाही!"

मी बोट फिरवलं. दोऱ्याची रिळं, सुटकेस, लोणची. दवाखान्याचं नाव नाही. गेल्या वर्षापर्यंत त्यांच्यावर रक्तदाबाच्या दोनचार जाहिराती यायच्या, त्याही गायब.

"खुळ्यासारखं काय बघताय? जळलात व्हय?"

मी वर बघितलं. दाजी हसत होते. त्यांच्या डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या भराव्यात तशी सूज होती आणि चप्पलचा पट्टा पायात रुतला होता.

"दाजी, झोप नीट होते का?"

"कुठली वो. रात्री चारदा उठतोय. वय झालं. पण मोबाईल कोरा हाय का नाही, ते बोला!"

मी म्हटलं, "हाय की. पेढे काढा."

पेढा मी गुपचूप खिशात टाकला. कारण कोऱ्या मोबाईलचा खरा अर्थ आम्हा धंद्यातल्यांना ठाऊक असतो. धडधाकट माणसाचा मोबाईल कधीच कोरा नसतो. त्याला निदान चेकअपची, दातांची, टकलाची जाहिरात येतेच. धडधाकट माणूस हे उद्याचं गिऱ्हाईक आहे, त्याला कोण सोडतंय? मोबाईल पार कोरा होतो तो दोनच कारणांनी. एक तर आजार असा असतो की कुठल्याच हॉस्पिटलला त्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. नाहीतर आजाराला उपाय असतो, पण माणसाच्या खिशात नसतो. दोन्हीकडं बोली लागत नाही. आणि चाहूलच्या पडद्यावर दोन्हीला एकच शब्द येतो, 'बोली नाही'. का नाही, ते ती आम्हालाही सांगत नाही.

ऑफिसात येऊन दाजींचा नंबर घातला. बोली नाही.

मी तसाच बसून राहिलो. आता या दोन्हींतलं कुठलं? मरणाचं की गरिबीचं? आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी आपलं गरीब असावं म्हणून हात जोडले.

मग डोक्यात किडा वळवळला. जाहिरात नीट दिसते का हे तपासायला आम्हाला खोटी गिऱ्हाईकं उभी करायची मुभा असते. कुठलाही नंबर घ्यायचा, त्याला हवं ते सोंग चढवायचं. मी दाजींचा नंबर घेतला आणि त्यांना बिल्डर केलं. दोन बंगले दिले. महाबळेश्वरला एक फार्महाऊस दिलं. सगळ्यात जाडजूड विमा दिला. हात सुटला तसा एक घोडासुद्धा दिला असता, पण तशी सोय नव्हती. शरीर मात्र दाजींचंच ठेवलं. तेच तोंड, तीच सूज, तेच रात्रीचं उठणं. आता खिसा भरलेला आहे. तरीही बोली लागली नाही, तर समजायचं की खेळ संपला.

चहा मागवला. तो येईपर्यंत पडदा पेटला. नवजोमची बोली, कोल्हापूरच्या दोघांची, पुण्याच्या एकाची, मग बेळगावची. अकरा हॉस्पिटलं माझ्या दाजींसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. आणि जाहिरात कसली? 'सकाळी डोळे सुजतात? पाय जड होतात? अजून वेळ आहे.' किडनी. तेही डायलिसिसचं पॅकेज नव्हे, गोळ्या-पथ्याचं. चाहूल नुसता रोग बघत नाही, पायरीही बघते. ज्याची किडनी गेली त्याला डायलिसिस दाखवते, ज्याची वाचवता येईल त्याला गोळ्या. म्हणजे खरंच वेळ होता!

मी ऑफिसात नाचलो. शपथ, नाचलो. चहावाल्याला मिठी मारली. त्याला वाटलं, आपल्याला बढती मिळाली.

संध्याकाळी दाजी ऑफिसात आले. सोबत कुणी नाही. दार लावून घेतलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, मेलेली पाल ठेवावी तसा.

"मेव्हणं, हे तुमचं काम?"

"कसलं?"

"दुपारपासनं हॉस्पिटलांतल्या बायका फोन करून मगदूम सर, मगदूम सर म्हणाय लागल्यात. तुमच्यासाठी एसी गाडी पाठवू का म्हणत्यात. मला जन्मात कुणी सर म्हटलं नाही. शिंपी तुम्ही, भूपाल तुम्ही, न्हाईतर ओ मगदूम. हा चावटपणा गावात तुमच्याशिवाय कुणाचा असतोय?"

"बसा. सांगतो."

सगळं सांगितलं. चाहूल, बोली, कोऱ्या मोबाईलची दोन कारणं. दाजी ऐकत होते आणि टेबलक्लॉथची निघालेली शिवण बोटानं आत सारत होते.

"म्हंजे मला रोग हाय."

"हाय. पण बरा होण्यातला. उद्या सकाळी नवजोमला जायचं. माझी ओळख आहे, बिलाचं मी बघतो. गोळ्या सुरू झाल्या की डायलिसिसच्या मशीनवर झोपायची पाळी येणार नाही. असंच सोडलं तर मात्र..."

"आणि तपासणी केली की ते त्या सरकारच्या आरोग्य नंबरात जातंय?"

"जातंय. ते सगळ्यांचंच जातंय. आणि एकदा बिल भरलं की माणूस गिऱ्हाईक धरला जातो."

"तिथनं मोबाईलवर?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"माझ्या एकट्याच्या?"

माझ्या बोलण्याची वाट न बघता दाजींनी खिशातनं दुसरा मोबाईल काढला. गुलाबी कव्हरचा. सनूचा.

"ती घरी आली आणि मला इचारती, बाबा, मला किडनीचं कशाला दाखवाय लागलंय? मी म्हटलं, मशीन येडं झालंय, दे, मामाकडनं दुरुस्त करून आणतो."

नाचताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बापाच्या किडनीत पाण्याचे फोड येतात तो एक आजार असतो, तो लेकरांत उतरायची निम्मीनिम्मी शक्यता असते. चाहूलनं बापावरनं लेकीचा माग काढला होता. बाप शिंपी होता तोवर लेकीवर कुणी किडनीची बोली लावली नव्हती. बाप बिल्डर झाल्याबरोबर ती बिल्डरची पोरगी झाली.

"दाजी, मग तर तिलाही कळायला हवं. तरुण आहे. आत्तापासनं काळजी घेतली तर..."

"रविवारी आवटी येणार हायत."

"येऊ देत. खरं सांगू."

"सांगा की! मग? हे स्थळ गेलं. पुढचं ईल तेही बोट फिरवणार. त्याच्या पुढचंही. निम्मी शक्यता म्हणताय ना? निम्मी म्हंजे नसंलही. पण लोक निम्म्याला पुरतंच धरत्यात. तुम्हीच शिकवलंय लोकांना."

"मी कुठं..."

"बरं, तुमच्या धंद्यानं शिकवलंय."

मग दाजी उठले. हे माझ्यापेक्षा वयानं मोठे. माझ्या अक्काचे मालक. माझ्या लग्नातला कोट यांनी शिवलेला. त्यांनी पुढं होऊन माझे दोन्ही हात धरले.

"सुकुमार, मला परत गरीब कर."

"दाजी, असं नका..."

"लग्न होऊ दे. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथं येतो. गोळ्या दे, सुया दे, कापून काढ. पण तोवर मला गरीब राहू दे."

"लग्न कधी होईल काय सांगता येतंय?"

"पसंती झाली की लगेच उरकतील. त्यांच्याकडं कशाची कमी हाय? महिन्याभराचा प्रश्न."

महिना. मी मनात हिशेब केला, महिना निघेल. आणि खरं सांगायचं तर समोर हात धरून उभ्या राहिलेल्या माणसापुढं दुसरं काही सुचतच नव्हतं. मी खुर्ची ओढली. बंगले काढले. फार्महाऊस काढलं. विमा काढला. एकेक हॉस्पिटल पडद्यावरनं उठून गेलं, जेवणं झाल्यावर पंगत उठते तसं. शेवटी नवजोमही गेलं. बोली नाही.

दाजींनी मोबाईल उलटा केला, बोट फिरवलं. लोणची आली. सनूचाही बघितला. ड्रेस आले.

"झ्याक," ते म्हणाले.

रविवारी आवटी आले. मुलगा, त्याची आई आणि वडील जिनपालअण्णा. अण्णा उमदा गडी. पांढरा सदरा, बोटांत अंगठ्या, आल्या आल्या सगळ्या घराला हसवायला लागले. पद्माक्काला म्हणाले, "ताई, पोह्यात शेंगदाणे जास्त टाकलायसा, म्हंजे मुलीला नवरा पसंत दिसतोय!" सनू लाजली. मुलगा तिच्याकडं बघून असा हसला, की मलाच बरं वाटलं.

"अण्णा, तुम्ही काहीच घेईना झालाय," अक्का म्हणाली.

"डायट!" अण्णांनी पोटावर थाप मारली. सदरा आत गेला. "बारा किलो उतरवलेत. न पळता, न व्यायाम करता! भूकच लागत नाही बघा. डॉक्टरबिक्टर काही नाही, नुसता मनाचा निर्धार."

चहा झाला. मुलाच्या आईनं खाकरून म्हटलं, "बोट फिरवू या का?"

दाजींनी आपला मोबाईल अण्णांच्या हातात दिला, तो असा, जसं काही भरलेलं ताट देतोय. अण्णांनी बोट फिरवलं. दोरे, सुटकेस, लोणची. त्यांच्या भुवया वर चढल्या.

"मगदूम! कोरा की हो!"

"आपलं साधं राहणं," दाजी म्हणाले.

सनूचा बघितला. सनूच्या आईचा बघितला. सगळ्यांच्या माना डोलल्या. मग मामा म्हणून मुलाकडचे मोबाईल माझ्याकडं आले. मुलाचा बघितला. केसांची, दातांची, जिमची. ठणठणीत पोरगा. आईचा बघितला. गुडघे, चष्मा. वयानुसार. मग अण्णांचा घेतला.

गाड्या. सोनं. युरोपची सहल. आणखी गाड्या.

बोट फिरवत राहिलो. चेकअप नाही. गुडघा नाही. दात नाही. इचलकरंजीतला एवढा मोठा यंत्रमागवाला, वय साठीचं, आणि एका हॉस्पिटलला त्याचे साधे दात घासून द्यावेसे वाटेनात. असल्या माणसाला शिंक आली तर हॉस्पिटलं रांग लावतात.

इथं गरिबीचा प्रश्न नव्हता.

मी मान वर केली. अण्णा माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होते. त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग जरा पिवळसर होता. खिडकीतल्या उन्हानं असंल म्हणावं, तर ऊन माझ्या बाजूला होतं.

"काय मामा? निघालं का काही?"

"कोरा आहे," मी म्हटलं.

"बघितलंसा!" अण्णांनी टाळी वाजवली. "दोन्ही व्याही कोरे! असली सोयरीक जिल्ह्यात झाली नसंल!"

अक्कानं देवाला हात जोडले. मुलाच्या आईनं सनूच्या हातात नारळ ठेवला. पेढे फिरले. मग अण्णांनी मांडी घालून पंचांग मागवलं.

"आता तारीख. हे बघा, माझा एकुलता एक पोरगा हाय. गडबड करायची नाही. नवीन बंगल्याचं काम चाललंय, ते होऊ दे. थेट पुढच्या वैशाखात धरू. सगळा जिल्हा जेवला पाहिजे."

वैशाख. त्याला बरेच महिने होते. मी दाजींकडं बघितलं. त्यांनी पेढा अर्धाच खाल्ला होता.

"अण्णा," मी म्हटलं, "एवढं लांब कशाला? पसंती झालीच आहे. याच महिन्यात साधंसं उरकून टाकू."

मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. मुलीकडच्यांनी घाई करायची नसते. घाई केली की समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'का?' हे मला कळत होतं, तरी तोंड थांबंना.

"म्हणजे, उगाच. दोघांचं वय आहे. तुमच्या डोळ्यांदेखत..."

दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वरनं साधाच ठेवला, पण बोटं रुतवली.

"मेव्हण्यांची चेष्टा करायची सवय हाय," ते अण्णांना म्हणाले. "तुम्ही मनावर घेऊ नका. वैशाख चांगला हाय. वैशाखच धरा."

"दाजी..."

"वैशाखच धरा," दाजी पुन्हा म्हणाले. या वेळी माझ्याकडं बघून.

अण्णा खो खो हसले. पुढं वाकून त्यांनी अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला.

"काय हो मामा, एवढी कसली घाई? मी काय पळून चाललोय का कुठं?"

सगळे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले.